कोर्ट उठेपर्यंत

“जमानतदार दूसरे राज्य का है. तस्दीक मंगाओ,” असं म्हणत साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. पिंजऱ्यातला फागू कोटवार माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, बाबूजी काहीतरी बोलतील. मी पुढच्या केसचा पुकारा करायला सांगितला.

बालाघाट जिल्ह्यातल्या एका तहसिलीत मी रीडर होतो. गाव सांगत नाही. रीडर म्हणजे साहेबांशेजारी बसून फाइली पुढे करणारा, तारखा देणारा, ऑर्डर लिहिणारा माणूस. साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे वेगळा मॅजिस्ट्रेट नव्हता, तहसीलदारच मॅजिस्ट्रेट. न्याय आणि सरकारी कारभार वेगळे करावेत असं संविधानात लिहिलेलं होतं. पण आमच्याकडे खुर्ची एकच होती.

फागूवर आरोप होता कोंडवाड्यातली म्हैस विकल्याचा. कोंडवाड्याची किल्ली कोटवाराकडे, म्हणजे गावच्या चौकीदाराकडे असते, म्हणून संशय त्याच्यावर. साक्षीदार दोन, आणि दोघंही तारखा चुकवत होते. केसमध्ये दम नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जामीनही मंजूर झाला होता. पण जामीन राहायला आला त्याचा साळा, राजेगावच्या पुढचा, नदीपलीकडचा. छप्पन साली राज्यं बदलली, आमचं हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला गेलं, नदी दोन राज्यांची हद्द झाली, आणि हा साळा परका झाला. त्याची जमीन खरी आहे, हे आता तिकडच्या तहसिलीनं लिहून द्यायचं. हीच ती तस्दीक. कागद आमच्या कलेक्टरकडून त्यांच्या कलेक्टरकडे, तिथून खाली, आणि तसाच परत. कायदा दोन्हीकडे तोच, फक्त शिक्का वेगळा.

सहा आठवडे गेले, फागू कोठडीतच. प्रत्येक पेशीच्या तारखेला फागू विचारायचा, “बाबूजी, आला का जी कागद?”

सातव्या आठवड्यात साळा माझ्या टेबलापाशी आला. “पऱ्हे पिवळे पडून राह्यले बाबूजी. या हप्त्यात रोवना नाही झाला तं साल गेलं. बहीण एकटी काय करन?”

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, रोवना म्हणजे त्यांची लावणी. कोटवाराला सरकार कामाच्या बदल्यात जमीन कसायला देतं. तिच्यातलं धान म्हणजे त्याच्या घरचं वर्षाचं पोट.

मला दया आली. दया आली की माझं डोकं चालत नाही. व्हरांड्यात शिपायांसोबत बसलेल्या फागूजवळ जाऊन मी हळूच म्हणालो, “गुन्हा कबूल करून टाक. साहेब कोर्ट उठेपर्यंतचीच कैद देतीन. संध्याकाळी घरी.” म्हणजे साहेब खुर्चीवरून उठेपर्यंत कोपऱ्यात बसायचं, की झाली शिक्षा.

“पन मिनं म्हैस इकलीच नाही जी.”

“मले मालूम हाये रे. रोवना करतं का नाही?”

त्यानं व्हरांड्याबाहेर उभ्या साळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “हौ.”

बारा वाजता त्यानं कबुली दिली. शिक्षा मी म्हटलं तीच झाली. मनातल्या मनात मी खूशही झालो. फागू दाराजवळ जमिनीवर बसला. साळा बाहेर बैलगाडी घेऊन थांबला.

तीन वाजता साहेबांनी फौजदारी फाइली बाजूला केल्या आणि तहसिलीचं काम काढलं. उठले नाहीत. पेनसुद्धा तोच.

“उस कोटवार को सजा हो गई ना? हटाने का ऑर्डर बनाओ.”

“आजच, साहेब?”

“सजायाफ्ता आदमी कोटवार नहीं रह सकता. रूल है.”

रूल होता. मला तो पाठ होता. सकाळी मात्र तो मला आठवला नाही. कोटवारी गेली की जमीनही जाते. मी ऑर्डर लिहीत होतो आणि फागू चार हातांच्या अंतरावर बसून ऐकत होता. हिंदी त्याला चांगली कळत होती.

पाच वाजता साहेब उठले. फागू उठला नाही.

“बाबूजी, मंग रोवना कोन करन?”

“नवा कोटवार,” मी म्हणालो. खोटं काय सांगणार?

तस्दीक पंधरा दिवसांनी आली. जमीन खरी निघाली. मी ती निकाली फाइलीत लावून टाकली. पुढे बऱ्याच वर्षांनी मॅजिस्ट्रेट तहसिलीतून काढून हायकोर्टाच्या हाताखाली दिले. चांगलंच झालं. रीडरनं आरोपीला सल्ला देऊ नये, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते शिकलो, पण दुसऱ्याचं शेत घालवून.