वाटीतलं हिरवं नाणं

आमच्या समोरच्या दारातले जर्मन आजोबा निवृत्त झाल्यापासून मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळतात. रीतसर परवानगी काढून, शेतकऱ्याला विचारून, मका कापून झाला की. रेगेन्सबर्गच्या आसपासची माती रोमन लोकांनी तुडवलेली, तेव्हा आशा मोठी. सापडत आली ती मात्र बाटल्यांची झाकणं, बटणं आणि युरोच्या आधीची जर्मन चिल्लर, जुने फेनिग. त्यामुळे गेल्या दिवाळीच्या आधी ते तळहातावर एक हिरवट-काळी चकती घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मी मनात म्हटलं, आलं आणखी एक बटण.

ते तांब्याचं नाणं निघालं. टॉर्च आडवा धरला की एका डोक्याचा आकार आणि कडेला एक-दोन अक्षरांचे उंचवटे दिसायचे. वजन करून, पुस्तकं चाळून आजोबांनी ते रोमन ठरवलं होतं. कोणत्या सम्राटाचं, ते चेहऱ्यावरची माती सुटल्यावर कळणार होतं. पण घासायचं अजिबात नाही. तो हिरवा थर म्हणजे नाण्याची कातडीच. ती गेली की चेहराही गेला आणि अक्षरंही. इस्त्रीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचं आणि रोज पाणी बदलायचं, एवढंच. त्यांना नेमकं लेकीकडे ड्युसेलडॉर्फला जायचं होतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. परत आल्यावर ते नाणं डेंकमालआम्टमध्ये, म्हणजे पुरातत्त्व खात्यात, दाखवणार होते. इतक्या वर्षांतलं पहिलंच, असं ते दोनदा म्हणाले. मी काचेच्या वाटीत नाणं घालून वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे होत्या. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच आलेल्या. फ्रीज उघडायचा तरी मला विचारायच्या. त्यांना परकं वाटू नये म्हणून मीही इतकं तोलूनमापून बोलायचे की संध्याकाळपर्यंत माझाच जीव थकून जायचा. एक काम मात्र त्यांनी न विचारता अंगावर घेतलं होतं. पुण्याहून आणलेली चिंच भिजवून त्या देव, समई, निरांजन, दिसेल ते लखलखीत करत सुटल्या होत्या. नाण्याबद्दल मी त्यांना इतकंच सांगितलं होतं की समोरच्या आजोबांना शेतात सापडलंय.

धनत्रयोदशीला ऑफिसातून आले, तर खिडकीत वाटी नाही. वाटी ओट्यावर, धुऊन पालथी घातलेली. शेजारी चिंचेचा चोथा. आणि देवापुढच्या ताम्हनात तांब्याची नाणी, हळदकुंकू वाहिलेली, लालबुंद चमकत होती.

आजोबा तासाभरात येणार होते. ‘न विचारता काही करायचंच होतं तर नेमकं हेच सापडलं का तुम्हाला?’ हे वाक्य अगदी दातांशी आलं होतं. कसं कोण जाणे, ते मी गिळलं.

"अहो आई, ते नाणं?"

"बाल्कनीत ठेवलंय," त्या म्हणाल्या.

मी धावले. कढीपत्त्याच्या कुंडीमागे दह्याचा रिकामा डबा, त्यात स्वच्छ पाणी, आणि तळाशी तेच नाणं, हिरवंगार, जसंच्या तसं. माझा जीव भांड्यात पडला. ताम्हनातली नाणी म्हणजे किल्ल्यांच्या बशीत साठलेले माझेच युरोचे सेंट होते, तांब्याची चिल्लर.

"घासलं नाहीत ते?"

"जमिनीतनं आलेलं धन ते. कुणाचं, त्यावर कशाची राखण, काही ठाऊक आहे? असलं काही घासून देवापुढे मांडतात होय? सणाचं घरात नको म्हणून बाहेर ठेवलं. पाणी तुझ्या त्या इस्त्रीच्या बाटलीतलंच घातलंय."

गुप्तधन आणि त्यावर बसलेला नाग, या विषयावर एरवी मी त्यांना छोटंसं व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी मात्र त्या नागाला मी मनोमन वाटीभर दूध पाजलं.

आजोबा आले, टेबलाशी बसले, टॉर्च आडवा धरून भिंगातून बघत राहिले. पाण्याने आपलं काम केलं होतं. नाक, केसांतली पानांची माळ, चार अक्षरं. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे ‘अगदी बरोबर’, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी सम्राटाचं नाव सांगितलं. सासूबाईंनी त्यांच्यापुढे चकल्या ठेवल्या, पण डब्याला पदर लागणार नाही इतक्या लांबून.

ते गेल्यावर त्या म्हणाल्या, "तोंड केवढंसं झालं होतं तुझं. वाटलं, आता ओरडतेस माझ्यावर."

"ओरडणारच होते," मी म्हणून गेले, आणि लगेच चपापले.

"मग ओरडायचंस की. पाहुण्यांवर कुणी ओरडत नाही."

एवढं बोलून त्या उठल्या, फ्रीज उघडला आणि चहासाठी दूध काढलं.