माठाखालचं जंगल

१९६४ साली आखातातल्या रास अल खैमात जहूरइतका खूश आचारी दुसरा नसावा. रत्नागिरीकडचा हा माणूस एमलिन साहेबाच्या स्वयंपाकघरात कांदा चिरतानाही गुणगुणायचा. साहेब वेल्सचा. संध्याकाळी ओसरीवर बसून तो आपल्या डोंगरावरचं जंगल सांगायचा. सुयांसारख्या पानांची काळीशार स्प्रूसची झाडं, बुंध्यांत अडकलेलं धुकं, खाली दगडी गडगे, गडग्यांपलीकडे मेंढ्या आणि न थांबणारा पाऊस. जहूरला गडगे आणि पाऊस पुरेसे होते. हे जंगल आपल्याच गावामागे कुठेतरी असणार, असं त्याने मनात ठरवून टाकलं होतं.

साहेबाच्या बापाने लावलेली वेल्समधली ती झाडं त्या वर्षी तोडली गेली. रजेवरून परतताना साहेबाने त्यांचं मूठभर बी आणलं. बाकी काही उरलं नव्हतं.

"फ्रिज में रखो, जहूर. थंडी लगने दो. बाद में इधर पहाड़ पर लगाएगा."

जहूरने डबा आपल्या अळिवाच्या डब्याशेजारी ठेवला.

डिसेंबर संपता संपता त्याचा गाववाला मोहिद्दीन याची बायको शहरबानू बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीला अळिवाची खीर हवीच, म्हणून जहूर लगबगीने डबा देऊन आला.

जानेवारीत साहेबाने बी मागितलं. जहूरने झाकण काढलं, ओल्या बोटाने दाणा उचलला. दाणा बुळबुळीत झाला. अळीव! त्याचं गुणगुणणं तिथेच थांबलं.

"अभी लाया, साहब," म्हणत तो धावत सुटला.

"या जहूरभाई!" शहरबानू पडद्याआडून म्हणाली. "काय तो अळीव दिलात! रातभर भिजवला, एक दाणा फुगेल तर शपथ."

"भाभी, तो आहे कुठे?"

"ओतला माठाखाली. खलास!"

अंगणातल्या माठाखाली, ठिबकणाऱ्या पाण्यावर पुदिना लावला होता. जहूर उकिडवा बसला. पुदिन्यात बारीक काड्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या टोकाला हिरव्या सुयांचा झुबका. काहींनी तर बियांची टरफलं टोपीसारखी घातलेली. जहूर इतक्या मोठ्याने हसला की बाळ उठलं.

जहूरने बोलावलं तसा साहेब आला. वाळूत गुडघे टेकून एका रोपाला त्याने नुसतं बोट लावलं. मग रोपं न्यायला त्याने कुंडी मागितली.

"सांगा त्याला," पडद्याआडून आवाज आला, "चाळीस दिवस बाळंतिणीच्या घरातून काही बाहेर द्यायचं नाही. सासूबाईंची ताकीद आहे."

"उसका सुनना पड़ता है, साहब," मोहिद्दीनने हिंदीत समजावलं. "मैं भी सुनता हूँ."

साहेब खो खो हसला. दुसऱ्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी येऊन माठाजवळ स्टुलावर बसू लागला. हाती खिरीची वाटी. यावेळचा अळीव टम्म फुगलेला.

"विचारा हो," एकदा शहरबानू म्हणाली, "याच्या जंगलाला पाणी किती लागतं? माठ तेवढा भरून ठेवीन."

साहेबाने कोरड्या निळ्या आभाळाकडे पाहिलं, मग ठिबकणाऱ्या माठाकडे.

"बस," तो म्हणाला, "रुकना नहीं चाहिए."

जहूर उठला आणि गुणगुणत घागर घेऊन विहिरीकडे निघाला.