वाचनालयासाठी एक पान

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. गुलाबी किंवा पिवळा पातळ कागद, एकाच बाजूला छापलेला. कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवायची आणि कंटाळा आला की उलटून मागण्या वाचायची. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी पाळण्यात होते, पण त्या दिवसांतली पत्रकंही आमच्या पेटीत होती. बाबा विणकरांसाठी लिहायचे, तलावाच्या पाण्यासाठी लिहायचे, बंद पडलेल्या बसफेरीसाठी लिहायचे. भंडाऱ्याच्या एका जुन्या छापखान्यातून गठ्ठा आणायचे आणि अड्याळच्या बाजारात उभे राहून वाटायचे. "फुकट हाय, घ्या. पण वाचल्याशिवाय फेकू नका," असं प्रत्येकाला सांगायचे. जे म्हणायचं ते कागदावर म्हणावं आणि खाली आपलं नाव टाकावं, हा धडा मला शाळेने नाही, त्या पत्रकांनी दिला.

आमचं गाव अड्याळच्या अलीकडे. अर्धं गाव धान लावतं, अर्धं कोसा म्हणजे टसर रेशीम विणतं. आमच्या घरी माग होता आणि आई त्यावर बसायची. ज्याच्या घरात माग आहे त्याला वेगळं सांगायला नको: सकाळपासून खटखट सुरू झाली की शेजारच्या खोलीत बोललेलंही ऐकू येत नाही. म्हणून माझी धाकटी बहीण गावच्या वाचनालयात जाऊन अभ्यास करायची. वाचनालय म्हणजे काय, ग्रामपंचायतीची एक खोली, दोन लांब बाकं, एक पंखा आणि मागच्या भरतीची पुस्तकं. पण तिथे शांतता होती. ती पोलीस भरतीची तयारी करत होती आणि तिच्यासोबत गावातल्या इतर विणकरांच्या मुलीही.

त्या खोलीवरच संकट आलं. धान खरेदीची पोती उघड्यावर भिजत होती, ती वाचनालयात ठेवावीत असा ठराव येत्या ग्रामसभेत येणार होता. धान भिजू नये हे खरंच होतं. भिजलेलं धान काय असतं हे आम्हालाही कळत होतं. पण छत शोधायचं तर पहिली नजर मुलींच्या खोलीवर कशी गेली, हा माझा प्रश्न होता आणि तो विचारताना माझा आवाज चढायचा.

"भांडू नको," बाबा म्हणाले. "पत्रक काढू."

पण छापखाना बंद झाला होता. मालकांनी छपाईचे शिशाचे खिळे भंगारात दिले होते आणि तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगली होती. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मजकूर टाकायला बाबा तयार नव्हते. "तिथं कोणीबी त्यात चार ओळी घालते अन् पुढं ढकलते. माहं म्हणणं माह्याच जागेवर पाहिजे," ते म्हणाले.

मी तेव्हा बारावी होऊन भंडाऱ्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. शिकवणारी मॅडम सिहोऱ्याकडची, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी. नेमका त्याच आठवड्यात तिने एचटीएमएल सुरू केलं. वेब पान म्हणजे आतून साधा मजकूर असतो आणि कुठला तुकडा मथळा, कुठला परिच्छेद हे खुणा करून सांगायचं, असं तिने फळ्यावर दाखवलं. त्या खुणांना टॅग म्हणतात. जो उघडला तो बंद करायचा.

मी त्याच दिवशी बाबांचं हाताने लिहिलेलं पत्रक नोटपॅडमध्ये टाइप करून नेलं. उघडलं तर सगळ्या पानावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

"अवो, फाइल सेव्ह करताना यूटीएफ-आठ निवडावं लागते," मॅडम म्हणाली. "नाही तं मशीनले मराठी कायले समजन?"

ते केलं. मराठी दिसली, पण सगळ्या मागण्या एकमेकींना चिकटून एकाच ओळीत धावत होत्या. मी प्रत्येक मागणीनंतर एन्टर दाबला होता, ब्राउझरने एकही मानला नव्हता. मॅडमने परिच्छेदाचा पी आणि ओळ तोडायचा बी-आर दाखवला. मग मी सगळ्याच ओळी एच-वनमध्ये, म्हणजे सगळ्यात मोठ्या मथळ्यात घातल्या, कारण आमच्या पत्रकात बारीक अक्षर नसायचंच.

मॅडमने स्क्रीनकडे पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. "बाप्पा! हे पान आहे का लाउडस्पीकर? सगळंच मोठं केलं तं मोठं काय राहिलं वो?"

"सगळंच महत्त्वाचं आहे, मॅडम."

"मंग एक सांग. दारात उभं राहून तुले एकच वाक्य बोलू दिलं तं कोणतं बोलशील?"

मी विचार केला आणि म्हटलं, "आमची खोली आम्हाला राहू द्या."

"ते एच-वन. बाकी सगळ्याइले खाली बसव."

पत्रक लिहिणाऱ्या घरातल्या मुलीला हे असं कोणी सांगितलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण आनंद झाला. त्याहून मोठा आनंद पुढे होता. मॅडमने उजवं बटण दाबून पानाचा सोर्स उघडायला शिकवलं आणि मी दिसेल ते पान आतून पाहत सुटले. वर्तमानपत्रांची, सरकारी खात्यांची, दुकानांची, सगळ्यांची पानं त्याच पी-ने आणि एच-वनने बनलेली होती. माझ्याही पानाचं पोट कोणालाही उघडून पाहता येणार होतं. ज्या गोष्टीत लपवाछपवी नाही ती मला लगेच आपली वाटते.

ग्रामसभा शनिवारी होती. शुक्रवारी दुपारी, फुकट जागा देणाऱ्या एका साइटवर आमचं पान चढलं. वर मथळा, खाली मुलींचं म्हणणं, मग धानासाठी दुसरी जागा सुचवलेली: गावच्याच बाजारातली रिकामी पडलेली शेड. शेवटी बाबांनी सांगितलेली ओळ जशीच्या तशी: "उद्या ग्रामसभा आहे. सर्वांनी हजर राहावे." बाबांनी मोबाइल हातात घेऊन पान बोटाने वर-खाली केलं. "कागद संपतच नाही वो याचा," ते म्हणाले. मी लिंक ग्रुपवर टाकली.

शनिवारी ग्रामसभेला आमच्या बाजूची माणसं फारच थोडी आली. तशी दुसऱ्या बाजूचीही फार नव्हती, त्यामुळे गणपूर्ती झाली नाही आणि सभा पुढच्या शनिवारवर तहकूब झाली. सुटका झाल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. जेवढे बसतील तेवढ्यांनी ठरवायचं. बहीण घरी आली आणि आईच्या मागाशेजारी पुस्तक उघडून बसली. जणू सवय करून घेत होती.

रविवारी सकाळी कळलं काय झालं ते. ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली होती. विणकर होते, धान लावणारे होते, डोक्यावर पदर घेऊन आलेल्या बायका होत्या. ग्रामपंचायतीला कुलूप.

"काहून, सभा कुठं हाय?" आमच्या गल्लीतल्या मावशी मला म्हणाल्या.

"मावशी, सभा तर काल झाली."

"काल? काल सकाळी पोरानं मोबाइल दाखवला तं त्यात उद्या लिवलं होतं. आज पाह्यलं तं अजून उद्याच लिवून हाय! तुह्या बापाची सभा रोज उद्याच असते का वो?"

सगळे हसले. बाबाही हसले, पण कान लाल करून. त्यांच्या पत्रकात कधी तारीख नसायची. पत्रक आदल्या दिवशीच्या बाजारात वाटायचं, एका दुपारी गठ्ठा संपवायचा आणि उरलेच तर पुढच्या सभेला तेच चालवायचे. म्हणून छापखान्यात "उद्या" हा लाकडी ठोकळा बाबांसाठी कायम बाजूला काढून ठेवलेला असायचा. आयुष्यभर तो शब्द त्यांना पुरला. पान मात्र बाजार उठला तरी तिथेच उभं होतं.

आलेल्यांना परत पाठवायचं कसं? बहिणीने पुढे होऊन वाचनालयाची किल्ली काढली, ती मुलींकडेच असायची. "आलाच आहात तं बसा," ती म्हणाली. बाकं पुरली नाहीत, माणसं दारात टेकली. कित्येकांनी ती खोली आतून पहिल्यांदाच पाहिली होती. मावशींनी भिंतीवरचं मुलींनी लिहिलेलं वेळापत्रक बोट ठेवून वाचलं. एका धानवाल्या काकांनी पुस्तकं हातात घेऊन पाहिली आणि छताकडे बघत म्हणाले, "इथं तं पोतीबी पुरी मावत नाहीत. शेडच बरी." ते सभेत आमच्याविरुद्ध बोलणार होते, असं मला वाटत होतं.

त्या दिवशी मी भंडाऱ्याला न जाता मोबाइलवरच पान दुरुस्त केलं. "उद्या" काढून वार, तारीख, महिना, साल आणि वेळ घातली. बाबा शेजारी बसून पाहत होते. "साल कायले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बाबा, हे पुढच्या वर्षीही कोणी वाचेल." त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेऊन पान पुन्हा वरपासून वाचलं. मग म्हणाले, "मंग नीट लिवावं लागन."

पुढच्या शनिवारी सभा भरली ती मांडवाबाहेरपर्यंत. शेडचा मुद्दा त्या काकांनीच मांडला. हात वर झाले आणि ठराव झाला: धान शेडमध्ये, वाचनालय जागेवर. मी भाषण तयार करून नेलं होतं, चांगलं कडक. त्याची गरज पडली नाही आणि त्याचं मला थोडंसं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू.

पान मी काढलं नाही. आता त्यावर वाचनालय उघडण्याच्या वेळा आहेत, नव्या पुस्तकांची नावं आहेत आणि हे सगळं बदलण्याचं काम बाबांकडे आहे. एका बोटाने टाइप करतात, टॅग बंद करायला विसरतात, मग पुढचं सगळं पान ठळक होऊन जातं आणि मला हाक येते. आई मागावरून न उठता ओरडते, "पोरी, पाह्य वो, तुह्या बापानं परत आवाज वाढवला!" बहीण तेव्हा घरी नसते. ती वाचनालयात असते.