जावयाची बोरी

रेवाराम मडावीला कोळशाची किळस यायची, ती अंगावर बसणाऱ्या काळ्या धुळीमुळे नव्हे. धूळ काय, साबणानं जाते. त्याला किळस होती एका बोरीची, म्हणजे पोत्याची.

गोष्ट दोन हजार सातची. सालेकशाकडून गोंदियाला जाणाऱ्या लाईनवर एका छोट्या स्टेशनाला लागून सायडिंग होती. छत्तीसगडच्या खाणींतला कोळसा मालगाडीनं तिथं यायचा आणि ट्रकांनी कारखान्यांत जायचा. कोळशाचा भाव ठरायचा ग्रेडवर, आणि ग्रेड ठरायची नमुन्यावर. तो नमुना काढायचं कंत्राट एका कंपनीकडं होतं, आणि रेवाराम त्या कंपनीचा रोजंदारीवरचा माणूस. भुवनेश्वर बिसेन नावाचे सुपरवायझर साहेब त्याला दर दसऱ्याला पक्कं करणार होते. दसरे येत होते, जात होते. पक्कं नाही झालं तर गावातल्या इतरांसारखं बायको-पोरगी मागं टाकून हैदराबादला इमारतीच्या कामावर जावं लागणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो तोंडावर पट्टी बांधल्यागत राबायचा.

ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता लावला होता. झाडं दलदलीत गाडली गेली की त्यांचं आधी पीट होतं, मग लिग्नाइट, मग आपला दगडी कोळसा, आणि सगळ्यांत मुरलेला तो अँथ्रासाइट. जेवढा जास्त मुरला तेवढा त्याचा दर्जा वरचा. पण व्यवहारात वयाला कोण विचारतो? तिथं राख किती, ओल किती आणि आच किती ते बघायचं आणि ए पासून जी पर्यंत अक्षर चिकटवायचं. ए म्हणजे थोड्याशानंच भट्टी लाल करणारा. जी म्हणजे नावाचा कोळसा, बाकी दगड आणि माती.

नमुना काढायची रीतही त्याच तक्त्यावर होती. वॅगनवर चढायचं, वरचा थर बाजूला सारून जागोजागी खोल खणायचं, सगळा माल कुटून एक ढीग करायचा. ढीग चपटा करून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, दोन ठेवायचे, आणि असं करत करत एका पिशवीएवढा उरवायचा. रेवारामला हे कोणी शिकवायची गरज पडली नाही. त्याची आई जमुनाबाई जन्मभर विडीसाठी तेंदूपत्ता तोडत आली होती. पानं विकत घ्यायच्या मैदानाला तिकडं फळी म्हणतात. तिथं खरेदीवाल्याचा मुन्शी रांगेतला कुठलाही एक पुडा उचलून त्याची गाठ सोडतो, आणि आत फाटकी पानं निघाली तर अख्खी रांग बाद. जमुनाबाई मुन्शीला दरवेळी एकच सांगायची, "कुठूनबी काढ."

सायडिंगवर मात्र वॅगनवर चढायचंच नाही! तक्ता भिंतीवर, आणि शेडच्या कोपऱ्यात एक बोरी. तिच्यात निवडून आणलेला चकचकीत, वजनाला हलका कोळसा. गाडीत काय वाट्टेल ते येवो, नमुन्याची पिशवी त्या बोरीतूनच भरायची. लोक तिला जावयाची बोरी म्हणायचे, कारण घरी जावयासाठी वेगळे तांदूळ राखून ठेवतात तशी ती राखलेली असायची. आणि गाडीत यायचा तो निव्वळ काळा दगड! चहा पिता पिता त्यावर सी ग्रेडची सही व्हायची. रेवारामला त्या चहाचाही वास नको वाटायचा. थू असल्या धंद्यावर!

दसऱ्याच्या आधी हेड ऑफिसची माणसं तपासणीला येणार अशी बातमी आली. साहेब म्हणाले, "रेवाराम, बोरी घरी घेऊन जा. हप्ताभर ठेव. किसी को दिखना नहीं चाहिए." त्यानं ती सायकलवर बांधून नेली आणि घराच्या मागं ठेवून दिली.

त्याची बायको वच्छला. धान कापणीला आलं होतं, विळे बोथट झाले होते, आणि लोहाराकडं कोळसा नव्हता. तिकडं कोळसा नेऊन दिला की लोहार विळे आधी करून देतो. वच्छलानं सगळी बोरी त्याच्या भात्यापाशी नेऊन ओतली. लोहार तर खूशच झाला. मग नवरा ओरडेल म्हणून बाईनं काय केलं, तर रुळाच्या कडेला मालगाडीतून सांडलेला कोळसा वेचला, बोरी पुन्हा गच्च भरली आणि तोंड शिवून टाकलं. काळं ते काळंच, तिला काय माहीत!

तपासणीवाले आले, कोंबडा खाऊन गेले. दुसऱ्याच दिवशी बोरी शेडमध्ये परत आली आणि गाडी लागली. रेवारामनं बोरीचं तोंड सोडलं आणि एक ढेकूळ उचलून उलटंसुलटं करून पाहिलं. आत निस्तेज, जड, पांढुरक्या रेघांचा माल. गाडीतलाच. साहेब ट्रकवाल्याशी बोलत उभे होते. एक हाक मारली असती तर भागलं असतं. नोकरी डोळ्यांपुढं दिसत होती. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरा माल हाताशी आला होता. त्यानं गपगुमान पिशवी भरली, शिवली, सील मारलं. त्या रात्री तो पोटभर जेवला.

लॅबचा निकाल आला: जी ग्रेड.

साहेब शेडमध्ये धावत आले. "काय भरलंस बे पिशवीत?"

"कोळसा भरला साहेब. गाडीतलाच होय."

"गाडीतला?" साहेबांचे डोळे बाहेर आले. "गाडीतला भरायले कोनी सांगतलं तुले?"

रेवारामनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. माणूस खरोखर चिडला होता हो! चोर पकडल्यावर चिडावं तसा.

दोन दिवसांत 'नमुन्यात चूक झाली' म्हणून निकाल रद्द झाला. नवी बोरी आली, नवी पिशवी गेली, सी ग्रेड परत आली. आता रेवारामला हाकलतील असं सगळ्यांना वाटलं. पण साहेब हुशार. हाकललेला माणूस बोलतो. त्यांनी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "दसऱ्यापासून पक्का तू. बोरीची जबाबदारी तुझी. समझ गया ना?"

पायाखाली फावडं पडलं होतं. ते तिथंच टाकून चालू लागावं, असं त्याच्या मनात फार आलं. मग हैदराबाद आठवलं, पोरीची, मोनालीची शाळा आठवली. त्यानं मान हलवली.

पुढच्या मे महिन्यात तो आईचे पुडे घेऊन फळीवर गेला. मुन्शी रांगेपाशी थांबला. जमुनाबाई म्हणाली, "कुठूनबी काढ." मुन्शीनं मधलाच एक पुडा उचलून सोडला. पानं निर्मळ.

मुन्शी हसला. "तुहा पोरगाबी नमुन्याच्याच कामावर हाये म्हन्तात. पक्का झाला ना?"

"झाला ना गा," म्हातारी कौतुकानं रेवारामकडं बघत म्हणाली. "मीच शिकवलं त्याले."

रेवाराम उठला, मोहाच्या झाडामागं गेला आणि भडाभडा ओकला.