आडोशाची ऐंशी

झुलाल नानांकडून एखादी गोष्ट करून घ्यायची असेल, तर ती त्यांना सांगायची नसते. "हे काही होणार नाही," एवढंच म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. भडगावजवळ गिरणेच्या काठी आमचं गाव. तिथल्या काळ्या जमिनीत नारळ येत नाही, असं एकदा एका पाहुण्यानं जेवता जेवता म्हटलं. पाहुणा हात धुवायला उठला तोवर नानांनी विहिरीजवळची जागा ठरवून टाकली होती. झाड वाढलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्याला नारळ आला. एकच. नानांनी तो फोडला नाही की देवाला वाहिला नाही. पिशवीत घालून पाहुण्याच्या गावी नेला, दाखवला आणि परत आणला.

नानांची गाडीसुद्धा अशाच एका 'नाही'तून जन्माला आली.

त्यांच्याकडे जुनी डिझेल जीप होती. शेतात, नाल्यात, चिखलात कुठंही जायची. पण यशोदाअक्का, म्हणजे नानांची मंडळी, तिच्यात पाय ठेवायला तयार नव्हत्या. "त्या धूळना पिंपमा तुम्हीच बठा!" असं म्हणून चांगलं लुगडं सावरत त्या सरळ एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागत. मग नानांनी एक जुनी फियाट घेतली. तिच्यात अक्का हौसेनं बसल्या. पण डांबरी सडक आणि आमचं गाव यांच्यामधल्या गाडरस्त्यावर फियाटचं पोट टेकलं. अक्का घरी पायी आल्या आणि गाडी बैलांनी ओढून आणली.

दुसऱ्या दिवशी नाना धुळ्याला हनीफ मिस्त्रीच्या शेडमध्ये हजर.

"हनीफ, फियाटचं धड जीपच्या पायांवर बसवायचं."

हनीफ हसला. "नाना, ये नहीं होगा."

झालं! नको तेच वाक्य मिस्त्रीच्या तोंडून निघालं. पुढं कित्येक दिवस त्या शेडमध्ये पत्रा कापला जात होता आणि हनीफ स्वतःच्या जिभेला शिव्या देत होता. अखेर अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत गाडी गावात आली. वरून मोटार, खालून जीप. बसायला गादी, चढायला पायरी, आणि आत चढल्यावर शेजाऱ्यांच्या कुंपणापलीकडचं दिसेल एवढी उंची. आता म्हणे परदेशात असल्या उंच मोटारी कारखान्यातूनच निघतात आणि त्यांना ऐटबाज नावही आहे. आमच्याकडे तेव्हा नाव नव्हतं. फक्त प्रश्न होते.

"नाना, हाई काय शे?"

"गाडी शे."

"पन कसानी?"

"चार चाकेसनी!"

अक्का मात्र बसल्या. गाडरस्ता पार करून, लुगड्याला धुळीचा कण न लागता, थेट भडगावच्या बाजारात उतरल्या. नानांच्या दृष्टीनं गाडीची परीक्षा तिथंच संपली होती. पण नानांना एक व्याही होते.

अमळनेरचे मोतीलाल आबा. कापसाचे व्यापारी, पांढरंशुभ्र धोतर, पांढरीशुभ्र अँबॅसडर, आणि दोन्हींवर डाग पडू नये म्हणून सदा जागरूक. नानांची एकुलती एक लेक कमल त्यांच्या घरी दिलेली. माणूस वाईट नव्हता. फक्त व्याही होता, आणि व्याह्यानं जे करायचं असतं ते मन लावून करायचा. चैत्रात अमळनेरला एका लग्नात नाना ती गाडी घेऊन गेले. मांडवात दीडशे माणसं असतील. आबा बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"व्याही, गाडी झकास! पण ही पळते का हो, का नुसती उभी राहते?"

"पळते की."

"किती?"

नानांनी गाडीचा वेग कधी पाहिलाच नव्हता. गाडी पोचते की नाही, एवढंच ते पाहत. पण मांडव ऐकत होता. "ऐंशी," नाना म्हणाले.

आबांना हेच हवं होतं. "मग असं करू. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुम्ही कमलला न्यायला येणारच. पारोळ्यापुढं एरंडोलपर्यंत सपाट हायवेवर माझी गाडी ऐंशीनं चालेल. तुम्ही मागं पडला नाहीत, तर लेक तुमच्या गाडीत. मागं पडलात, तर दर आखाजीला माझीच अँबॅसडर तिला माहेरी सोडेल. आमच्या घरची सून असल्या गाडीत चार गावांतून मिरवणार नाही."

मांडव हसला. नाना हसले नाहीत. आमच्या खानदेशात आखाजीला सासरी असलेल्या लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. लेक उंबऱ्यात उभी राहून त्याच्या वाटेकडे डोळे लावून असते. भाऊ नसला तर बापच मुऱ्हाळी. सासऱ्याच्या गाडीतून लेक माहेरी 'पोचवली' जाणार, मग बापानं करायचं काय? दारात उभं राहून पोच द्यायची?

"कबूल," नाना म्हणाले. "आणि मागं पडणार नाही."

घरी आल्यावर पहिल्यांदाच त्यांनी गाडीचा वेग पाहिला. काटा सहासष्टच्या पुढं जाईना. धुळ्याहून हनीफला बोलावणं गेलं.

हनीफनं गाडीला प्रदक्षिणा घातली आणि टपावरच्या लोखंडी कॅरियरवर टिचकी मारली. "नाना, इंजन गाडी चलाता है, हवा गाडी रोकती है. चाळिसाला हवा दारावर टकटक करते. ऐंशीला दार अडवून उभी राहते. आपली गाडी उंच. बैठी मोटार हवेच्या पोटाखालून निसटते, आपण तिच्या छातीवर जाऊन आदळतो."

"मग इंजिनाला जोर दे."

"जोर आहे तेवढाच आहे. वजन काढा, हे कॅरियर काढा, टायरात हवा बरोबर भरा. मग बघू."

सगळं झालं. काटा चौऱ्याहत्तरवर आला आणि तिथं असा बसला, जणू त्याची जागा रिझर्व्ह होती. मग गावातल्या अभिमन पाटलानं युक्ती सांगितली: कजगावच्या अंगाला एक उतार आहे, तिथून सोडू. सोडली. काटा ऐंशीला लागला. गाडीतली सगळी मंडळी ओरडली. नानांनी शांतपणे ब्रेक दाबला.

"ती ऐंशी उताराची. आपली नाही."

"पन नाना, काटानं दखाडं ना!"

"काट्याला काय कळतं? मला कळतं ना."

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं. गाडी हलकी, टायर टणक, हनीफ शेजारच्या सीटवर. पण मुऱ्हाळी निघाला हे गावाला कळलं आणि गावानं गावासारखंच केलं. अमळनेरकडं दिलेल्या लेकी घराघरात. कुणी सांजोऱ्यांचा डबा आणला, कुणी पापड-कुरडयांचं गाठोडं, कुणी नातवासाठी पाळण्याचा लाकडी घोडा. वस्तू आणणारे "एवढंसंच शे" म्हणत, आणि गाडीची मागची बाजू थोडी थोडी खाली बसत होती. शेजारच्या भिकुबाईंनी तर कमाल केली. गाडी पहिल्यांदाच लेकीला आणायला निघाली, म्हणून त्यांनी पुढच्या दोन्ही बाजूंना लग्नमांडवासारखे केळीचे खांब बांधले. पानांसकट.

हनीफनं कपाळावर हात मारला. "मावशी, ये पत्ते नहीं, ब्रेक हैं!"

"शकुन शे, बाबा!" भिकुबाई म्हणाल्या.

नानांनी डबे आनंदानं नेले, अमळनेरला घराघरात पोचवले आणि गाडी रिकामी केली. केळीचे खांब पारोळ्याला सोडून एका गायीला घातले. "शकुन तिच्या पोटात गेला, म्हणजे पावला," असं त्यांनी स्वतःच ठरवलं.

पारोळ्यापुढं हायवे सरळ आणि मोकळा होता. उन्हं चढलेली, पान हलत नव्हतं. पांढरी अँबॅसडर पुढं उभी. चालवायला आबांचा ड्रायव्हर पुना, शेजारी आबा, आणि मागं कमल, गाठोडं मांडीवर घेऊन. तिनं मागच्या काचेतून बापाकडे पाहिलं. नानांनी हात हलवला नाही. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

अँबॅसडर निघाली. नाना तिच्या मागोमाग. चाळीस, पन्नास, साठ. चौऱ्याहत्तर आली. हनीफ काट्यावर वाकला. आणि काटा थांबला नाही! शहात्तर, अठ्ठ्याहत्तर. दोन गाड्यांमध्ये आता बैलगाडी मावणार नाही इतकं कमी अंतर होतं, आणि नानांची गाडी जणू कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखी चालली होती. ऐंशी.

"हनीफ! ऐंशी! सपाटीवर!"

हनीफची नजर पुढच्या गाडीच्या डिकीवर होती. त्याचा चेहरा पडला होता. नानांनी 'काय झालं?' विचारल्यावर म्हणाला, "नाना, आगेवाली गाडी हवा काट रही है. हवा तिच्या छातीवर आपटते. आपण तिच्या पाठीमागच्या पोकळीत आहोत, म्हणून आपल्याला वारा नाही. ऐसेही चलने दो. आबाला काय कळतंय?"

नानांनी समोर पाहिलं. पांढऱ्या डिकीच्या वर, काचेत, कमलचा चेहरा होता. ती हसत होती. बाप मागं पडला नव्हता. आणखी थोडं असंच चाललं असतं, एरंडोल आलं असतं, आणि पैज जिंकली असती.

"म्हणजे ही ऐंशी आबांच्या आडोशाची?" नानांनी विचारलं.

"आडोशाची म्हणा..."

"मी व्याह्याच्या पाठीमागं लपून लेक घेऊन जाऊ?"

"नाना, मत करो!"

पण 'करू नका' हे शब्दसुद्धा नानांना सांगायचे नसतातच. त्यांनी समोरचा रस्ता मोकळा असल्याची खात्री केली आणि स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. आडोसा सुटला. हवा अशी आदळली की पुढच्या काचेची रबरी पट्टी फडफडायला लागली. नानांनी पाय ॲक्सिलरेटरवर रोवून धरला, जबडा आवळला, आणि अंगानं पुढं रेटल्यानं गाडीला मदत होईल अशा बेतानं ते स्टिअरिंगवर ओणवे झाले. आडोशात कमावलेल्या जोरावर एक क्षण दोन्ही गाड्या जोडीनं चालल्या. आबांनी खिडकीतून पाहिलं. नानांनीही पाहिलं. मग काटा उतरू लागला. अठ्ठ्याहत्तर. पंचाहत्तर. चौऱ्याहत्तर. अँबॅसडर सरकत पुढं गेली.

"घे!" नाना ओरडले, कुणाला ते हनीफला कळलं नाही. "चौऱ्याहत्तर! पण माझी!"

थोडं पुढं जाऊन अँबॅसडर कडेच्या लिंबाखाली थांबली. नाना पोचले तेव्हा आबा खाली उतरून धोतराचा सोगा झटकत होते. चेहऱ्यावर विजय होता, पण त्यात एक कोडंही होतं.

"व्याही, तुम्ही तर माझ्या मागं छान चालला होता. बाहेर कशाला निघालात?"

"मागं चालत होतो म्हणूनच."

"आं?"

"तुमच्या गाडीच्या आडोशाला माझी ऐंशीनं चालते, आबा. एकटी चौऱ्याहत्तरनं. शब्द ऐंशीचा होता. हरलो." आणि लगेच, हरलेल्या माणसाला मुळीच शोभणार नाही अशा आवाजात, "पण गाडी माझी चौऱ्याहत्तरचीच राहील. तुमच्या वाऱ्याच्या सावलीत पळायला ती जन्माला आलेली नाही!"

एवढ्यात अँबॅसडरचं मागचं दार उघडलं आणि कमल गाठोडं घेऊन खाली उतरली.

"कमल, बस आत," आबा म्हणाले. "ठरलंय तसं."

"ठरलं तुमच्या दोघांचं, आबा. मला कोणी विचारलं?"

"तुझे नाना हरले ना!"

"म्हणून तर," कमल म्हणाली. "त्यांची गाडी सावकाश जाते. मला आत्ताच निघायला हवं, नाहीतर आखाजी सरेल." आणि सासऱ्यापुढं जास्तच बोलले असं वाटून तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. पण पाऊल मागं घेतलं नाही. "ते मला न्यायला आलेत, आबा. मी कुणी पोचवायची वस्तू नाही."

पुना ड्रायव्हरनं तोंड फिरवून लिंबाकडे पाहिलं. लिंबात पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

आबांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा व्याह्याकडे. बाप आणि लेक, दोघांच्या हनुवट्या एकाच कोनात वर. एवढ्या दोन हनुवट्यांशी एकट्यानं भिडायचं म्हणजे ऐंशीच्या वाऱ्यापुढं चालण्यासारखंच होतं.

"दोन्ही सारखेच आहात!" आबा म्हणाले. "जा. पण व्याही, लग्नकार्यात गाडीचा वेग कोणी विचारला, तर खरा सांगत जा."

"विचारा तर खरं! बोर्ड लावून घेतो!" नाना म्हणाले.

हनीफ मागं बसला. कमल पायरीवर पाय ठेवून वर चढली, बापाशेजारी बसली, आणि एरंडोलकडचा सगळा मुलूख एका नजरेत पाहून म्हणाली, "माय वो! कितलं लांब दिसस इठून!"

गाडी निघाली. काटा हळूहळू साठावर आला. उकाडा होता. कमलनं काच पूर्ण खाली केली आणि हात बाहेर काढून वाऱ्याला लावला.

मागून हनीफ कळवळला. "बहन, काच खोलोगी तो स्पीड और गिरेगी!"

"पडू दे," नाना म्हणाले, आणि त्यांनी आपल्या बाजूची काचही खाली केली.