तीन दिवसांचं बिऱ्हाड

ये गं सुमे, अशी जवळ बस. बदली झाली तर एक पोस्टकार्ड टाकायला हात मोडला होता का? सख्ख्या मावशीला शेजारणीकडून कळावं! आणि वर सांगतेस, सामान हलवायला सरकार भरपगारी दिवस देतं म्हणून मजेत आहेस. त्या दिवसांचं नाव काढलंस आणि मला आमचे बिऱ्हाडअण्णा आठवले.

अण्णा आमच्या ठेकेदाराचे हजेरी कारकून. बाकीचे कारकून कामावर हजेरी घेत, हे आमच्या चुलीपाशी येऊन घेत. हातात घड्याळ, मांडीवर वही आणि बसायला माझीच ट्रंक. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता, कालव्याची कामं जोरात होती. काम सरकारी. आमच्या यांच्यासारख्या गवंड्याला एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवायला जितके दिवस लागतील, त्यांचा पगार सरकार भरणार, वर ठेकेदाराला टक्केवारी. म्हणजे आमचं बिऱ्हाड जितकं सावकाश हलेल, तितकं शेठचं भलं. पण अण्णा एक मिनिट सोडतील तर शपथ. "वहिनी, ह्यो वेळ सरकारचा हाय. पाटा उचला."

सोलापूरच्या भवानी पेठेतून जेऊरला निघालो, तेव्हा शेजारची लक्ष्मक्का गळ्यात पडून रडायला लागली. ती तेलुगूत, मी मराठीत. अण्णांनी वहीत लिहिलं : निरोप, पाऊण तास, वजा. मी डोळे पुसत भांडायला उठले.

"रडण्याचेही कापता?"

"रडा की, मी कुटं न्हाय म्हन्लं? पर रडन्यानं कालवा फुडं सरकत न्हाय."

वाटेत चहा घेतला, तर स्वतःचीही दहा मिनिटं कापली. "मी बी सरकारच्याच वेळात पितूय की."

माणूस कोरडा म्हणावा, तर तसंही नाही. जेऊरला धाकटीला गोवर आला, तेव्हा रोज कडुलिंबाचा पाला घेऊन यायचे. त्या वेळी मात्र वही आणायचे नाहीत.

मग जेऊरहून नातेपुत्याला हललो. तीन दिवसांत माझी चूल पेटली. त्यानंतरचे सहा दिवस आमचे हे सोलापुरात, शेठच्या नव्या बंगल्याच्या गिलाव्यावर. शेठनं सरकारी बिलात आमचं बिऱ्हाड नऊ दिवस हलवलं. यांना म्हणाले, "गवंडी, नवावर सही कर, पुढच्या महिन्यापासून तू कायम." हे घुटमळले. मीच म्हटलं, "करा सही. सरकारचं काय जातंय?" अण्णांची वही मात्र तीनवरच अडून बसली.

तपासणीचे साहेब आले. वहीत तीन, बिलात नऊ. साहेब हुशार, म्हणाले, ज्या बाईनं भांडी बांधली, तिलाच विचारू. आले की थेट दारात. सोबत शेठ, आमचे हे आणि मागे अण्णा.

"बाई, किती दिवस लागले?"

तीन पोरं पदराला धरून उभी होती. दर पावसाळ्यात काम सुटायचं, उसनं पीठ मागून मी थकले होते. म्हटलं, "नऊ, साहेब."

साहेब अण्णांकडे वळले. मला वाटलं, आता हा माणूस मिनिट न् मिनिट वाचून दाखवणार. अण्णांनी वही मिटली.

"वहिनी म्हन्त्यात तर नऊच आसतील. मोजन्यात माजी चूक झाली आसंल."

साहेबांनी शेरा मारला : हजेरी निष्काळजी. त्याच आठवड्यात अण्णांना काढलं आणि आमचे हे कायम झाले. साहेब जाताना मला काय म्हणाले, ठाऊक आहे? "खरं सांगणारी माणसं कमी झालीत, बाई."

अण्णा अक्कलकोटकडच्या आपल्या गावी निघाले, तेव्हा मी भाकऱ्या बांधून नेल्या. घेतल्या त्यांनी. "धाकटीला थंडीत जपा," एवढंच बोलले. एक शिवी दिली असती, तर तिथल्या तिथं मी मोकळी झाले असते. तेवढी सवलत काही मिळाली नाही.

गाव मला ठाऊक आहे, लांबही नाही. दोनदा स्टँडपर्यंत जाऊन परत आले. एकटीला धीर होत नाही गं. तू नव्या गावी सामान लावून घे आणि लवकर ये. सकाळच्या गाडीनं आलीस, तर दुपारपर्यंत आपण दोघी अण्णांच्या दारात असू.