किंकाळीच्या वाट्याला नायिका

स्टुडिओत तिला सगळे किंकाळी म्हणत, आणि ते नाव तिनं रीतसर कमावलेलं होतं. परदेशी मालिकांवर आपल्या भाषेतला आवाज चढवण्याचं काम तिथं चाले. पडद्यावरची माणसं तिकडच्या भाषेत तोंडं हलवायची आणि काचेपलीकडच्या बंद खोलीत माइकसमोर उभी असलेली इकडची माणसं त्या ओठांना आपले शब्द जुळवायची. नायिका, नायक, खलनायक, पोलिसप्रमुख हे सगळे मोठ्या कलाकारांकडे ठरलेले. उरलेल्या ज्या बाया गोळी लागून, पुरात वाहून, जिन्यावरून गडगडत नाहीतर भुताच्या हातून जात, त्या किंकाळीच्या वाट्याला येत. तिची आई मोठ्या अभिमानानं शेजारणीला सांगायची, "परवा लिफ्टमध्ये मेली ना, ती आमचीच."

रोज मरणारं माणूस आनंदाकडे सरळ नजरेनं बघू शकत नाही. किंकाळीनं मालिकांचा अभ्यासच तसा केला होता. स्वयंपाकघरात गुणगुणणारी बाई पुढच्या जाहिरातीपर्यंत टिकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मी आलेच हं" म्हणून बाहेर पडणारी कधी येत नाही. पाकिटातला मुलांचा फोटो काढून दाखवणाऱ्या पोलिसाचं काही खरं नसतं. आणि ज्या भागात सगळं कुटुंब एकत्र बसून हसतं, त्या भागासाठी आपल्याला हमखास बोलावणं येतं, हे तिनं अनुभवानं ओळखलं होतं. गाण्याच्या स्पर्धांचंही तेच. परीक्षकानं डोळे पुसत "तू किती मोठी झालीस गं" म्हटलं, की त्या पोरीनं सामान बांधायला घ्यावं.

मालिकेतलं हे शहाणपण ती घरीदारी वापरी, तिथं खरी पंचाईत होई. थांब्यावर पोचताक्षणी बस आली, तर तिच्या मनात पाल चुकचुके. एवढ्या वेळेवर येणारी बस धड असेलच कशी? एकदा तर तिनं समोर उभी असलेली रिकामी बस सोडली, पुढची खचाखच भरलेली पकडली, स्टुडिओत उशिरा पोचून बोलणी खाल्ली आणि तरीही मोठ्या संकटातून वाचल्याच्या समाधानात दिवस काढला. रेडिओवर तिच्या लाडक्या गायकाची एकामागून एक गाणी लागली, की ती आधी बातम्या उघडे; बिचारा गेला तर नाही ना, म्हणून. केस एखाद्या दिवशी मनासारखे बसले, तर आज कुणी दिसणारच नाही किंवा दिसू नये तोच दिसेल, अशी तिची खात्री. तिचा दादा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. खाली दार उघडून उभी असलेली लिफ्ट सोडून बहीण जिना चढते, हे पाहिलं की त्याचं डोकं फिरे. "अगं, मी स्वतः तपासलीय ती," तो ओरडे. "म्हणूनच," ही म्हणे.

अशा मुलीला एका सकाळी रेकॉर्डिस्टकाकांचा फोन आला. एरवी काका म्हणत, "ये, घसा फाडायचाय." त्या दिवशी म्हणाले, "घसा जपून ये. आज नायिका करायचीय."

तिनं फोन कानापासून लांब धरून नंबर तपासला. काकांचाच होता.

नायिका म्हणजे साधीसुधी नव्हे. बर्फाळ गावातली जनावरांची डॉक्टर, जिचा नवरा वादळात हरवला होता आणि तो गेल्यापासून जी रोज दाराशी दिवा ठेवत होती. किंकाळीची आई त्या बाईसाठी भाजी करपवायची. आणि त्या बाईचा आवाज म्हणजे मोठ्या ताई. लोक पडद्यावरचा चेहरा विसरत, पण ताईंचा आवाज ऐकून पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून बसत. त्यांच्या जागी ही? आईनं हात जोडले, डोळे मिटले आणि उघडले ते थेट शेजारच्या दाराकडे.

"आई, कुणाला सांगायचं नाही," किंकाळीनं वाट अडवली.

"का म्हणून? एवढी चांगली बातमी!"

"तेच म्हणते मी. कुठं तरी पाणी मुरतंय."

दादानं चहात बिस्किट बुडवत निकाल देऊन टाकला. "सरळ आहे. डॉक्टरीण आज मरणार. मरायचं असेल तर आवाज तुझाच पाहिजे ना?" बोलता बोलता त्याचं बिस्किट चहात पडलं. पण किंकाळीला ते पटलं. इतकं पटलं, की तिचा निम्मा जीव भांड्यात पडला. मरायचंच असेल तर ते तिच्या हातचं काम होतं.

स्टुडिओत पोचली तर संशयाला नुसतं पीक आलेलं. दिग्दर्शक सर, जे एरवी तिला "ए मुली, पड लवकर" एवढंच म्हणत, ते दारापर्यंत आले. चहा कागदी कपात न येता चिनी मातीच्या कपात आला, बशीसकट. माइक आधीच तिच्या उंचीला आणून ठेवलेला. आणि काचेपलीकडच्या सोफ्यावर गळ्याला मफलर गुंडाळून मोठ्या ताई बसलेल्या. आजारी आहेत असं काका फोनवर म्हणाले होते ना? मग आजारी माणूस घरी झोपेल की इथं येऊन पहारा देईल? ताई तिच्याकडे बघून हसल्या, बोलल्या काहीच नाहीत. त्या हसण्याचा किंकाळीनं चहा संपेपर्यंत विचार केला आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

तिनं काकांना गाठलं. काका वायरी गुंडाळत होते.

"काका, खरं सांगा. डॉक्टरीण आज कशानं मरते?"

"मरते कुठं? नवरा परत येतो आज तिचा."

"म्हणजे तो मारतो तिला?"

"अगं, परत येतो. ती दार उघडते आणि म्हणते, मला माहीत होतं तू येशील. झालं. खूश राहायचं."

"मग ताई इथं असताना मी कशाला?"

काकांनी वायर उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "ते तू सरांना विचार," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. झालं. तोंड फिरवणारी माणसं किंकाळीनं पडद्यावर ढिगानं पाहिली होती. आता तिच्या डोक्यात सगळं चित्र स्पष्ट झालं. ताईंचं आणि सरांचं वाजलंय. ताईंना वठणीवर आणायला सरांनी हिला आणून उभी केलीय, बघा, तुमच्यावाचून अडत नाही म्हणून. ताई तासाभरात वरमणार, मफलर सोडणार, आणि ही जाणार परत पुरात. तोवर बशीतला चहा प्यायचा. बळीच्या बकऱ्यालाही आधी चारा मिळतोच की.

आणि तरी, इथं तिच्याबद्दल खरं सांगायला हवं, तिला ती डॉक्टरीण हवी होती. फार हवी होती. एका पात्राच्या तोंडी सबंध वाक्य, दुसऱ्या दिवशी आणखी एक, आठवडाभरानंही जिवंत. संध्याकाळी दिवा लावून वाट बघणं. एवढी साधी हाव तिनं आईलाही कधी सांगितली नव्हती.

दारावरचा लाल दिवा लागला. हेडफोनमध्ये वारा घोंगावला, पावलं आली, दारावर थाप पडली. पडद्यावरच्या डॉक्टरणीनं कडी काढली. किंकाळीनं श्वास घेतला आणि म्हणाली, "मला माहीत होतं तू येशील."

मग सरांचा आवाज हेडफोनमध्ये आला. "छान. पण आता आपण पुढं तिचा खून दाखवायचा का?"

गोची त्या श्वासात होती. किंकाळी फोडायची तर आधी छाती भरून एक बारीक, दचकलेला श्वास ओढावा लागतो. इतक्या वर्षांत तो तिच्या हाडीमाशी भिनला होता. ऐकणाऱ्याला तो श्वास ऐकू आला, की आता ही गेली हे कळायचंच. पुन्हा घेतलं, पुन्हा श्वास. श्वास न घेता बोलली, तर वाक्य दारात पाहुणे आल्यासारखं वाजलं. हसत बोलली, तर सर म्हणाले, नवऱ्याला विष घालणारी वाटते.

"तो नवरा आहे गं," सर वैतागून म्हणाले. "खुनी नाही."

"नक्की ना सर?"

"काय नक्की?"

"म्हणजे पुढच्या भागात काही निघणार नाही ना त्याच्यात?"

सरांनी बटण सोडलं. काचेमागे त्यांचं तोंड हलताना दिसलं, आवाज आला नाही. ओठ वाचणं हा तर तिचा धंदाच. पलीकडच्या स्टुडिओतल्या मुलीला फोन लावा, असं ते काकांना सांगत होते. मग बटण दाबून त्यांनी तिला गोड आवाजात कळवलं, "शेवटचा एक घेऊ. नाहीच जमलं, तर राहू दे. तुझं रोजचं काम आहेच."

बघा, आलंच शेवटी, असं म्हणून एरवी तिला गार वाटलं असतं. आज नाही वाटलं.

तेवढ्यात जड दार ढकलून मोठ्या ताई आत आल्या. त्यांनी किंकाळीच्या कानांवरचे हेडफोन हातानं खाली केले आणि जवळ आल्या. आल्या हाताला धरून बाहेर काढायला, असं किंकाळीच्या मनात आलं आणि तिनं घाबरत का होईना विचारून टाकलं, "ताई, तुम्हीच बोला ना. मला कशाला मध्ये उभं केलंय? यात मेख काय आहे, तेवढं सांगा."

ताईंनी तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग हवेत बुडालेले शब्द. कान जवळ न्यावा लागला.

"आहे ना मेख. माझा आवाज गेला. परत यायचा नाही म्हणाले डॉक्टर."

सकाळपासून रचलेलं भांडण, वठणी, कारस्थान, सगळं तिच्या तोंडावर पडलं. तिला इतकी लाज वाटली, की डोळे वर करवेनात.

"पण मीच का?" तिनं विचारलं. आता तिच्याही तोंडून कुजबुजच निघाली. "तुमच्यासारखं हुबेहूब बोलणाऱ्या कितीतरी आहेत."

"म्हणूनच त्या नकोत. माझ्यासारखं ऐकलं, की लोक मला शोधत बसतील. मीच सरांना तुझं नाव सांगितलं." ताई थांबल्या, श्वास गोळा केला. "आणि इतकी वर्षं तू माझ्या शेजारी मरतेस. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत एकदाही मेली नाहीस. बाकीच्यांना तेवढा धीर नसतो."

किंकाळीला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. सर काचेवर टकटक करत होते. ताईंनी हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवले, तिची एक बट बाहेर काढली आणि माइकच्या पलीकडे जाऊन तिच्या समोर उभ्या राहिल्या. दार लागलं, दिवा लागला.

वारा घोंगावला. पावलं आली. किंकाळीला जाणवलं, की आता संशय घ्यायला काही उरलेलंच नाही. जे वाईट दडलेलं होतं ते बाहेर आलं होतं, आणि ते तिच्यावर कोसळलं नव्हतं. ते समोर मफलर गुंडाळून उभं होतं आणि तिला मानेनं खुणावत होतं, घे, तुझी वेळ आली. थाप पडली. तो दचकलेला श्वास या वेळी आलाच नाही. कडी निघाली.

"मला माहीत होतं तू येशील," ती म्हणाली.

समोर ताईंचेही ओठ हलले, तेच शब्द, पडद्यावरच्या बाईच्या ओठांशी तसूभर न चुकता जुळवलेले. आवाज एकटीचाच आला.